डाव्या चाकाचं कुंकू

बोरी बुद्रुक
१६ सप्टेंबर २०२५

चि. तेजू,

आशीर्वाद. तू गाडी माझ्या शेडमध्ये ठेवून गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या इंजिनाशी कान लावून बसलो, त्यामुळे आता फोनवर माणसाचा आवाज नुसता भुंग्यासारखा येतो. म्हणून लिहितो, आणि तूही लिहूनच कळव.

गाडी बघायला रोज कोणी ना कोणी येतं. सावळेराम म्हणाला, "कुंडलिकभाऊ, ही गाडी हाय का घोरपड? पोट टेकूनच चालती की." तुझ्या मामीला आत बसवून पाहिलं. बसली, पण उठता येईना. म्हणते, "पाटावर बसल्यावानी वाटतंय. आता ताट वाढा." दोनच माणसांची गाडी, आणि लाल रंग हा असा. मला झोप लागत नाही. मांजर चढलं तरी उठून बघतो.

मागच्या चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क रजा काढून स्वतः बदलणार असं तू म्हणाली होतीस. बाळ, तू कशाला हात काळे करतेस? मी आहे ना. ट्रॅक्टर, जीप, टेंपो यांचे ब्रेक मी किती केले त्याला गणती नाही. लोक काय म्हणतील, मामाच्या शेडमध्ये भाची चाक खोलते आणि मामा बघत बसतो? मी करतो. फक्त खोक्यातला कागद इंग्रजीत आहे आणि माझं शिक्षण चौथीचं. चित्रांवर फुल्या मारल्यात, त्या कशाच्या ते कळत नाही. तेवढं मराठीत लिहून पाठव.

तुझा मामा
कुंडलिक

*

पुणे
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

नमस्कार. खरं सांगू का, हे काम मला माझ्या हातानं करायचं होतं. सहा महिने त्याचे व्हिडिओ बघतेय, सामानही मीच निवडून आणलं. गाडी घेतली तेव्हा गॅरेजवाला माझ्याकडे न बघता गोकुळदादाशी बोलत होता. "चालवणार कोण?" असं त्यालाच विचारत होता. म्हणून वाटलं होतं, निदान एक काम तरी मी स्वतः करीन. पण ऑफिसनं रजा नाकारली, आणि तुम्ही इतकं म्हणताय तर नाही कसं म्हणू?

आता नीट वाचा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली आधाराला लोखंडी घोडी लावा. हँडब्रेक सोडलेला हवा. मागच्या ब्रेकचा पॅड ढकलणारा पिस्टन जीपसारखा दाबून आत जात नाही, तो फिरवत फिरवत आत घालायचा असतो. दाबलात तर तुटेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कंपनी तेल लावते. लाल टोपणाचा स्प्रे मारून ते स्वच्छ पुसायचं. त्यानंतर डिस्कच्या तोंडाला, म्हणजे पॅड घासतं त्या चकचकीत भागाला, बोटसुद्धा लावायचं नाही. कागदावर हाताच्या चित्राला फुली आहे ती हीच. तेलाचा थेंब राहिला तरी पॅड तो पितं आणि ब्रेक धरत नाही.

४ तारखेला शनिवारी गाडी न्यायला येते. रविवारी घोडेगावहून आईला भीमाशंकरला घेऊन जायचंय. ती पहिल्यांदा माझ्या गाडीत बसणार आहे. गोकुळदादा म्हणतो, "आईला त्या खेळण्यात नको नेऊ." पण ती तयार झालीय.

तुमची
तेजू

*

बोरी बुद्रुक
२ ऑक्टोबर २०२५, दसरा

चि. तेजू,

काम झालं. दसऱ्याचं सोनं पाकिटात ठेवलंय, पानं सुकतील, पण तुझ्या आईला दे.

जुनी डिस्क गंजून चाकाच्या बैठकीला अशी चिकटली होती की लाकडी मोगरीनं ठोकून ठोकून हात भरून आला. पिस्टन फिरवायला हत्यार नव्हतं. नांगराच्या जुन्या पट्टीला दोन खुंट्या जोडून मीच एक बनवलं, आणि पिस्टन सुतासारखा आत गेला. तू असतीस तर बघितलं असतंस. उजवं चाक मंगळवारीच चढवलं. डावीकडची डिस्क काल खंडेनवमीला पाटावर होती, पाने-पक्कडींबरोबर तिचीही पूजा झाली. आज सकाळी ती बसवली.

मारुतीच्या देवळापर्यंत गाडी हळू नेऊन आणली. थांबते. सावळेराम चहाच्या टपरीवर होता, त्यानं विचारलं, "असली गाडी आदी कदी खोलली व्हती का?" म्हटलं, "अशा लई केल्यात." हसू नकोस.

शनिवारी ये. सावकाश चालव.

कुंडलिकमामा

*

घोडेगाव
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हे पत्र लिहायला दोन दिवस धीर होत नव्हता. रविवारी आम्हाला अपघात झाला. आधीच सांगते, आई बरी आहे. उजव्या हाताचं मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय, दीड महिना ठेवायचंय. मला खरचटलंसुद्धा नाही, याचीच जास्त लाज वाटते.

डिंभ्याच्या पुढं चढाचं वळण आहे. पलीकडून म्हशी आल्या. मी ब्रेक दाबला आणि गाडी एकदम उजवीकडं वळली, मागून कोणी ढकलल्यासारखी. रस्ता ओलांडून बांधावर आदळलो. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहितेय. आईनं हात पुढं टेकवला होता, तोच मोडला.

माझा वेग जास्त होता. म्हणजे काटा मी पाहिला नाही, पण असणारच. गोकुळदादा आल्या आल्या म्हणाला, "दाखवलीस ना मस्ती?" आणि किल्ली काढून घेतली. ब्रेकचं काही असेल का, असं शेजारी कोणी म्हणालं, तर मीच म्हटलं, ब्रेक मामानं केलेत, त्यात खोट निघणार नाही. बोरीहून येताना गाडी थोडी एका बाजूला ओढतेय असं वाटलं होतं, पण नवीन पॅड बसायला वेळ लागतोच.

गाडी इथंच अंगणात ताडपत्रीखाली आहे. विकून टाकायचं ठरलंय. भाऊबीजेला नक्की या, आई रोज तुमचं नाव काढते.

तेजू

*

बोरी बुद्रुक
१० ऑक्टोबर २०२५

चि. तेजू,

पत्र वाचलं. तुझी मामी विचारत होती, काय लिहिलंय. मी म्हटलं, प्रयाग पडली. पुढचं सांगितलं नाही.

प्रयागचा, तुझ्या आईचा, उजवाच हात का? तिला म्हणावं भाकरी थापू नको, पाणी उचलू नको. बोटं हलतात का? सूज आहे का? कळव.

दोन-तीन गोष्टी विचारतो, राग मानू नकोस. ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडंच गेली, हे पक्कं ना? आधी दोन-तीनदा ब्रेक मारलास तेव्हा काही जळाल्याचा वास आला होता का? तेल करपल्यासारखा? आणि डावीकडचं मागचं चाक कोणी खोललं का? कोणाला खोलू देऊ नकोस. विकायची घाई करू नकोस. घाईत माणूस नुकसानीत येतो.

भाऊबीजेचं बघू. माझी कंबर धरलीय, एसटीत बसवेल असं वाटत नाही.

कुंडलिकमामा

*

पुणे
१४ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हो, उजवीकडंच गेली. वास आला होता, पण घाटात सगळ्याच गाड्यांना येतो. तुम्ही इतकं खोदून विचारताय ते मला कळतंय. माझी चूक नव्हती असं म्हणायला तुम्हाला कुठंतरी जागा हवी आहे. तुमच्याशिवाय माझ्या बाजूनं कोणी इतका विचार केला नाही. पण नको, मामा. चूक माझीच.

मी आता एसटीनं येते-जाते. परवा ऑफिसातल्या एकीनं तिची साधी गाडी दोन मिनिटं बाजूला घ्यायला सांगितली, तर माझे पाय कापायला लागले. मी किल्ली परत दिली. दहा वर्षं गाडी चालवतेय मी.

घरी प्रत्येक पाहुण्यापुढं तीच गोष्ट निघते. दादा म्हणतो, "पोरीच्या हातात गाडी दिली की असंच हुतंय."  आई माझी बाजू घेत नाही, याचा राग येत नाही. काय म्हणून घेईल? दादानं मंचरचं एक गिऱ्हाईक ठरवलंय, दिवाळीनंतर गाडी नेईल.

कंबरेला शेक घ्या. जमलं तर या. मी १८ पासून घोडेगावलाच आहे.

तेजू

*

बोरी बुद्रुक
१७ ऑक्टोबर २०२५

चि. तेजू,

तू गाडीला हात लावेनाशी झालीस हे वाचलं आणि जेवण गेलं नाही. आता सांगतो. चूक तुझी नाही.

खंडेनवमीला डावीकडची डिस्क पाटावर होती हे मी लिहिलं होतं. पूजा करताना तिला तेल-हळद लावून कुंकवाची बोटं ओढली गेली. तुझ्या मामीनं. तिला बिचारीला काय कळतं, लोखंड दिसलं की तेलाचं बोट. माझ्या लक्षात उशिरा आलं. डिस्क तशीच चढली. त्या चाकानं ब्रेक धरला नाही, उजव्यानं धरला, म्हणून गाडी फिरली.

गाडी विकू नकोस. पण हे कोणाला सांगू नकोस. मामीला तर विचारूच नकोस, ती हाय खाईल.

तुझा मामा

*

घोडेगाव
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दुपारी मी डावं चाक खोललं. स्वतः. दादा ओट्यावरून ओरडत होता, मी ऐकलं नाही. पॅड तेल पिऊन काळं चकचकीत झालंय. डिस्कच्या मधल्या फुगीर भागावर हळदीचा पिवळा डाग आणि कुंकवाची बोटं अजून दिसतात.

भाऊबीजेला आई सकाळपासून दारात बसून होती. तुम्ही आला नाहीत. काल मामी एकट्याच आल्या, लाडवांचा डबा घेऊन. तुम्ही नको म्हणाला होतात, पण माझ्यानं राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "मामी, डिस्कला तेल तुम्ही लावलं का? मामांनी तसं लिहिलंय."

मामींनी लाडवांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्यांनी लिवलंय? मग व्हय, मीच लावलं गं. अडाणी बाई मी, मला काय कळतंय." आईपुढं बसल्या आणि तिच्या प्लास्टरवर डोकं टेकलं. दादा त्यांना नाही नाही ते बोलला. "मरता मरता वाचली माजी आई, तुमच्या हळदीकुंकवापायी." मामींनी एक शब्द उलटा केला नाही. मीही त्यांना थांबवलं नाही की दादाला थांबवलं नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटत होतं. चहासुद्धा न घेता त्या गेल्या.

आता बरं वाटत नाहीये. मामी कशा आहेत?

तेजू

*

बोरी बुद्रुक
२८ ऑक्टोबर २०२५

तेजू,

हे पत्र तू एकटी वाचू नकोस. प्रयागला आणि गोकुळला समोर बसव आणि मोठ्यानं वाच.

तुझी मामी त्या दिवशी घरी आली, पाय धुतले, चहा ठेवला. मी विचारलं, काय म्हणतात सगळी? म्हणाली, "प्रयागबाईंचा हात सुजलाय. जाऊन या." एवढंच. घोडेगावात काय झालं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. चार दिवस ती माझ्यासमोर वावरते आहे, मला भाकरी वाढते आहे, आणि मी तिच्याकडं बघू शकत नाही.

तिनं डिस्कला हात लावला नाही. तिनं फक्त पाने आणि पक्कड पुजली. डिस्क मी पुजली.

झालं ते असं. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं, बोट लावायचं नाही हेसुद्धा. मी वाटीत बोटं बुडवली तेव्हा तिनंच माझा हात धरला. म्हणाली, "अवो, पोरीनं नको म्हणून लिवलंय न्हवं?" मी म्हणालो, "चाळीस वर्षं लोखंडात काढली. मला कोणी शिकवू नये." नवं लोखंड तेल-कुंकवाशिवाय कामाला लावायचं नाही, हे माझ्या बापानं मला शिकवलं. नांगराचा फाळ असो, विळा असो, मी कधी मोडलं नाही. ट्रॅक्टरच्या नव्या फणांना लावलं, त्यानं कधी कोणाचं वाईट झालं नाही. फणाला ब्रेक लावायचा नसतो, हे तेव्हा सुचलं नाही.

पण याहून वाईट पुढं आहे. दसऱ्याला सकाळी डिस्क चढवताना तुझी ओळ मला आठवली. स्प्रे हातात घेतला होता. फडकंही घेतलं होतं. आणि हात पुढं जाईना. सणाच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायचं? माझ्याच घरात, माझ्या हातानं? तुझ्या मामीचा, झुंबरचा, चेहरा डोळ्यांपुढं आला. मला भीती वाटली. मनात म्हणालो, एवढ्याशा कुंकवानं काय होतंय, चार ब्रेक मारले की जाईल. फडकं खाली ठेवलं आणि चाक कसून टाकलं. तिच्या कुंकवाला जपलं, आणि दोष घ्यायला मात्र तिलाच पुढं केलं.

सावळेरामला अशा लई केल्यात म्हणालो, तेही खोटं. मागचे डिस्क ब्रेक मी जन्मात पहिल्यांदा खोलले. तुझं काम होतं, तुझ्या हातातून मीच काढून घेतलं. लोक काय म्हणतील म्हणून.

कंबर माझी ठीक आहे. तुळशीची लग्नं होईपर्यंत भाऊबीज चालते म्हणतात. प्रयाग ये म्हणाली तर येईन. नाही म्हणाली तरी नवे पॅड मात्र पाठवतो, ते तरी घे.

कुंडलिक

*

घोडेगाव
२ नोव्हेंबर २०२५

मामा,

पोस्टानं वेळेवर पोचणार नाही म्हणून पत्र गोकुळदादाच्या हाती देतेय. तो टोमॅटो घेऊन नारायणगावला निघालाय, तिथून बोरीला येईल. तसं मी म्हटलं नव्हतं, तोच म्हणाला. मामींशी त्याला बोलायचंय.

तुम्ही सांगितलंत तसं वाचलं. वाचताना दोनदा थांबले. दादा उठला आणि गाडीवरची ताडपत्री काढून घडी घालत बसला. मग मंचरच्या माणसाला फोन करून नाही म्हणाला.

मला राग आहे, मामा. तेलाचा नाही. मी एक महिना स्वतःच्या पायांना घाबरत होते, आणि तुम्ही मला गाडी कुठल्या बाजूला वळली ते विचारत होतात. आणि मामींचं नाव घेतलंत, त्याचा तर जास्तच. हा राग जायला वेळ लागेल. उगाच खोटं लिहीत नाही.

आई म्हणते, बुधवारी पौर्णिमेला या, दोघंही. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते. "कुंडलिकदादाला म्हणावं, उजवा हात प्लास्टरात हाय. डाव्या हातानं ओवाळीन. डाव्या हाताची ओवाळणी त्याला अशुभ वाटत असंल तर त्यानं घरीच थांबावं."

मी रजा काढलीय. पॅड आणू नका, मी आणलेत. चाक मी खोलीन. तुम्ही बसा आणि बघा.

तेजू

*

बोरी बुद्रुक
८ नोव्हेंबर २०२५

चि. तेजू,

बुधवारी निघताना तुझ्याशी नीट बोललो नाही, म्हणून लिहितो.

प्रयागनं ताम्हन डाव्या हातात धरलं तेव्हा ते हलत होतं, निरांजन विझतं की काय असं वाटलं. झुंबर उठून धरायला गेली, तर प्रयाग तिला म्हणाली, "वहिनी, तुमी बसा. तुमी लई धरलं." ते मला ऐकू आलं. एरवी काही ऐकू येत नाही, पण ते आलं. सगळ्यांसमोर मी झुंबरची माफी मागितली तेव्हा ती पदराशी चाळा करत होती. माफ केलं असं अजून म्हणालेली नाही. ते तिच्यावर.

तू चाक खोललंस, नटांची ओळ लावून बाजूला मांडलीस, माझं पट्टीचं हत्यार मागितलंस. मला वाटलं होतं, तू ते फेकून देशील. मग स्प्रे आणि फडकं माझ्या हातात दिलंस आणि डिस्क पुढं सरकवलीस. हात पुढं जाईना, ते तू पाहिलंस. झुंबरनंही पाहिलं. ती ओट्यावरून म्हणाली, "पुसा की. मी हितंच हाय." तेव्हा पुसलं.

नंतर तू मला शेजारी बसवून डिंभ्यापर्यंत नेलंस आणि त्याच वळणावर ब्रेक दाबलास. गाडी सरळ थांबली. तुझे पाय कापत होते की नाही माहीत नाही. मी तुझ्या पायांकडं पाहिलं नाही, माझेच कापत होते.

काल संध्याकाळी झुंबर आणि मी दुकानातून येत होतो. टपरीवर सावळेराम होता, आणखी चारजण होते. तो म्हणाला, "काय कुंडलिकभाऊ, त्या घोरपडीचे ब्रेक झाले का धड?"

मी म्हटलं, "झाले. भाचीनं केले. मी केले व्हते ते चुकले व्हते, त्यात माज्या बहिणीचा हात मोडला."

कोणी हसलं नाही. झुंबर माझ्यापुढं चालत होती, गेले दहा दिवस ती तशीच पुढं चालते. ती थांबली आणि पिशवीचा एक बंद माझ्याकडं केला. घरापर्यंत दोघांनी मिळून धरली.

तुझा मामा
कुंडलिक